फ्रान्समधल्या मिठाईच्या जुन्या रिकाम्या डब्यांसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

तुम्ही लिहिलंय की बहिणीने पॅरिसच्या जुन्या बाजारातून पुठ्ठ्याची एक लंबगोल डबी आणली. झाकणावर कबुतरांना दाणे घालणारी मुलगी, आत सोनेरी अक्षरांत कुण्या मिठाईवाल्याचं नाव. त्या रिकाम्या खोक्याचे तिने चाळीस युरो दिले हे ऐकून घरचे सगळे बघतच राहिले. यात लोकांना एवढं काय दिसतं, डबी खरंच जुनी आहे हे कसं ओळखायचं आणि आपल्याकडच्या हवेत ती टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची चिपळूणची, गेली तेरा वर्षं पॅरिसच्या उपनगरात राहते आणि त्यातली अकरा वर्षं या डब्या जमवते आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या ‘रिकाम्या’ शब्दाबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भेटी द्यायची मोठी पद्धत होती, तिला एत्रेन म्हणतात. वर्षभर ज्या घरी आपण जेवायला गेलो त्या घरच्या बाईंकडे १ जानेवारीच्या सुमाराला मिठाई घेऊन जायचं, हा शिष्टाचारच होता. नात्यात नसलेल्या बाईला पुरुषाने दागिना किंवा कापड देणं शोभत नसे. मिठाई चालायची. मग आपली भेट उठून दिसावी कशी? गोळ्या सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच, म्हणून सगळा जोर डबीवर. मिठाई आठवड्यात संपणार आणि डबी दिवाणखान्यात राहणार, हे देणाऱ्याला माहीत असे, घेणारीला माहीत असे आणि करणाऱ्यालाही. कित्येकदा डबी आतल्या गोळ्यांपेक्षा महाग पडे. तेव्हा तुमच्या बहिणीने वापरून टाकलेलं वेष्टन आणलेलं नाही. ही वस्तू गोळ्या संपल्यावर जपून ठेवायची म्हणूनच घडवलेली होती.

दुसरा मोठा प्रसंग बाप्तिस्म्याचा. आपल्याकडे बारशाला पेढे किंवा बर्फी वाटतात तसे तिथे द्राजे वाटतात. द्राजे म्हणजे साखरेचं गुळगुळीत कवच चढवलेला बदाम. त्याचा खर्च बाळाच्या धर्मपित्याने (गॉडफादरने) करायचा, आणि डब्यांवर पुष्कळदा बाळाचं नाव नि तारीख छापून घ्यायची. द्राजे कसे करतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आईची संक्रांतीची शेगडी आठवली. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून पाकाचे थेंब आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. आपण करतो तो काटेरी हलवा. तीच क्रिया मोठ्या टांगत्या कढईत बदामावर करून कवच घोटून गुळगुळीत केलं की झाला द्राजे. ईशान्य फ्रान्समधलं व्हर्दन हे गाव तेराव्या शतकापासून त्यासाठी ओळखलं जातं. बुर्गुंडीतल्या फ्लाविन्यी या गावात तर बडीशेपेसारख्या अनिसच्या एकेका दाण्यावर साखर चढवायला पंधरा दिवस लागतात, आणि त्या गोळ्यांची धनगर-धनगरणीचं चित्र असलेली पत्र्याची डबी आजही मिळते.

साखर स्वस्त झाली नसती तर यातलं फारसं काही घडलं नसतं. मध्ययुगात साखर औषधविक्याकडे मिळायची आणि साखरेत घोळवलेले दाणे जेवणानंतर पचनासाठी खायचे. ते ठेवायला श्रीमंतांकडे चांदीचं पात्र असे, त्याचं नाव द्राजवार. अठराव्या शतकात ही हौस खिशात आली आणि तोंडाला सुवास यावा म्हणून गोळ्या ठेवायची छोटी डबी निघाली, बोंबोनिएर. सोन्याची, कासवाच्या पाठीची, मेन्सीच्या मऊ चिनी मातीची, किंवा मार्तँ बंधूंच्या प्रसिद्ध रोगणाने चकाकणारी. त्यांच्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत. पॅरिसला गेलात तर मारे भागातल्या कोन्याक-जे संग्रहालयात त्या काचेआड शांतपणे बघता येतात. दुकानदार अठराव्या शतकातल्या प्रत्येक छोट्या डबीला बोंबोनिएर म्हणून मोकळे होतात, म्हणून एक ढोबळ खूण मात्र सांगून ठेवते. गोल, बिजागरी नसलेली, झाकण अलगद उचलता येणारी डबी बहुधा गोळ्यांची. बिजागरीची आणि घट्ट बसणारी बहुधा तपकिरीची, कारण तपकीर कोरडी पडून किंवा सांडून चालत नाही.

मग नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी चाललेल्या नाकेबंदीमुळे उसाची साखर फ्रान्समध्ये येईनाशी झाली. जानेवारी १८१२ मध्ये पॅरिसजवळच्या पासी इथे बेंजामिन दलेसेर यांच्या कारखान्यात बिटापासून चांगली साखर निघाली आणि नेपोलियनने स्वतः तिथे जाऊन त्यांना सन्मानपदक दिलं. पुढे काही दशकांत साखर मध्यमवर्गाच्या घरात पोचली. पॅरिसमध्ये १७६१ पासूनचं ‘आ ला मेर द फामिय’ हे मिठाईचं दुकान होतंच. १८२७ मध्ये ब्वासिए सुरू झालं आणि पुढे बुलव्हार दे काप्युसीनवरचं त्यांचं दुकान प्रसिद्ध झालं. १८६० मध्ये पॉल सिरोदँ या नाटककाराने र्यू द ला पे या उंची रस्त्यावर मिठाईचं दुकान थाटलं. नाटकवाल्याला मिठाईच्या धंद्यात पडावंसं वाटलं, यावरून त्या धंद्यात किती झगमगाट होता ते लक्षात येईल.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भागाकडे येते. डबीवर नाव असतं दुकानाचं, पण दुकानदार डबी करत नसे. ती येई कार्तोनाज म्हणजे पुठ्ठाकामाच्या कारखान्यांतून, आणि तिथे हाताने काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पेंढ्याच्या लगद्याचा पिवळसर पुठ्ठा कापायचा, ओला करून लंबगोल साच्याभोवती वळवायचा, वर उठावदार छापाचा पांढरा कागद खळीने चिकटवायचा, कडेला सोनेरी कागदाची पट्टी, झाकणात रंगीत चित्र, आत कागदाची जाळीदार झालर. नाताळच्या आधीचे महिने रात्रंदिवस काम, आणि जानेवारी सरला की हात रिकामे. या बायकांची नावं कुठल्याच डबीवर नाहीत.

माझ्याकडची एक डबी घ्या. पॅरिसमधल्या व्हाँव्हच्या शनिवारच्या जुन्या बाजारात बारा युरोंना मिळाली, कारण झाकणाची एक कड सुटलेली होती. तळहातावर मावेल एवढी, सायीच्या रंगाची. झाकणावर साटिनच्या चौकटीत गुलाबाचा गुच्छ. उघडलं की आधी कागदी जाळीच्या चार पाकळ्या दिसतात, त्या चारही बाजूंना उलगडायच्या. तिसऱ्या पाकळीची घडी इतक्या वेळा उघडली-मिटली गेली आहे की तिथे कागद कापसासारखा मऊ झालाय. आत पाच शिंपल्याची बटणं होती, एक गुलाबी फितीचा तुकडा आणि चिंचोक्याएवढा वाळलेला साखरेचा खडा. सुटलेली कड मी भिंगाखाली बघितली. आतल्या पुठ्ठ्यावर वाळलेल्या खळीत अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, रेषा न् रेषा स्पष्ट. तो झाकणाच्या साटिनखाली सव्वाशे-दीडशे वर्षं लपून राहिला होता. ती कड मी अजून चिकटवलेली नाही.

लोकांना या डब्यांत काय दिसतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. कुणी दुकानांच्या नावांसाठी जमवतं, कुणी चित्रांसाठी. काही जण फक्त आकार जमवतात: दुर्बीण, पंखा, लाकडी बूट, ईस्टरचं अंडं, एक एप्रिलचा मासा (‘एप्रिल फूल’ला इथे ‘एप्रिलचा मासा’ म्हणतात). पत्र्याच्या डब्यांवर जीव असलेल्यांची तर वेगळीच जमात आहे. तूलूझच्या काशू लाजोनी या गोळ्या १८८० मध्ये निघाल्या, त्यांची गोल पिवळी डबी खिशातलं घड्याळ ठेवायच्या कप्प्यात मावेल एवढीच केलेली. १८९८ मध्ये रवाया इथे रूझो दांपत्याने सुरू केलेल्या मार्कीझ द सेव्हिन्ये या चॉकलेटवाल्यांच्या डब्यांचेही खास संग्राहक आहेत. मी मात्र कुणीतरी गोळ्या संपल्यावर पुन्हा वापरलेली डबी शोधते. कोऱ्या करकरीत डबीला बाजारात भाव जास्त मिळतो हे खरं, पण मला त्या भावाचं सूत्र पटत नाही. बटणं, दुधाचा दात, शाळेचं पदक, बाप्तिस्म्याची फीत हे विक्रेते काढून फेकतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या आजीच्या बिस्किटाच्या डब्यातून सुईदोरा काढून टाकला तर मागे नुसता पत्राच उरेल.

आता ओळखायचं कसं. पहिली गोष्ट भिंग. दहापट दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं. चित्रावर धरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चित्रं बहुधा रंगीत शिळाछापाची असतात. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, त्यामुळे ठिपके हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे, लहानमोठे, आणि मधेच सपाट रंगाचे पट्टे. ठिपके एकसारखे, ओळीत आणि छोट्या फुलांसारखे गोलाकार जुळलेले दिसले तर छपाई विसाव्या शतकातली समजा. जुन्या डबीवर नवं चित्र चिकटवून विकण्याचा उद्योग इथे चालतो, म्हणून चित्राच्या कडेला नीट बघा. आजूबाजूचा कागद तपकिरी पडलाय आणि चित्र तेवढं ताजं, असं असेल तर शंका घ्या.

दुसरी गोष्ट, नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च. अंधारात डबीच्या आतल्या आणि तळाच्या पांढऱ्या कागदावर मारा. कागद निळसर पांढरा लखलखला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० नंतर आली. जुना कागद मंद, मळकट पिवळा दिसतो. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, कारण आतला कागद नंतर कुणी बदललेला असू शकतो. पण तो लखलखला तर निदान ती डबी शंभर वर्षं अस्पर्श राहिली असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट रंग. डबीवर भडक गुलाबी-जांभळं रेशीम असेल तर ती बहुधा १८५९ च्या आधीची नसणार. त्या सुमाराला लियाँमध्ये व्हर्गँ या रसायनतज्ज्ञाने फ्युक्सिन हा रंग काढला आणि असल्या गुलाबी रंगांची लाट आली. हे रंग उजेडात पटकन उडतात. म्हणून झाकण फिकट आणि कडेखालची न दिसणारी बाजू गडद असेल तर ती चांगली खूण. हिरवा रंग असेल तर सावध राहा. एकोणिसाव्या शतकातल्या झगझगीत हिरव्या कागदांत आर्सेनिक असू शकतं. अशी डबी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका आणि आत खाण्याची वस्तू कधीही ठेवू नका.

मजकूर वाचायचा तो झाकणाच्या आत आणि तळाला. पूर्ण पत्ता सापडला तर अर्धं काम झालं, कारण दुकानं जागा बदलत आणि मालक बदलला की नावापुढे ‘उत्तराधिकारी’ अशा अर्थाचा शब्द येई. त्यावरून दहा-वीस वर्षांच्या टप्प्यात येता येतं. ‘एस जे दे जे’ ही चार अक्षरं दिसली तर तो पेटंटचा शिक्का. १८४४ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत तो वापरात होता आणि त्याचा अर्थ ‘सरकार हमी देत नाही’. ‘मेड इन फ्रान्स’ असं इंग्रजीत छापलेलं असेल तर वस्तू परदेशी विक्रीसाठी केलेली, आणि बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं. एक गोंधळ नेहमी होतो. कागदाच्या लगद्याच्या प्राणी-बाहुल्यांच्या आकाराच्या गोळ्यांच्या डब्या बाजारात फ्रेंच म्हणून विकल्या जातात, पण त्यातल्या पुष्कळ जर्मन असतात. जर्मन असणं हा काही दोष नाही, फक्त पैसे देताना माहीत असावं.

आपल्या हवेबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण मी स्वतः एक डबी गमावली आहे. चौथ्या वर्षी मी निळ्या साटिनची एक सुंदर डबी आईला दाखवायला चिपळूणला नेली आणि पावसाळाभर कपाटात ठेवून आले. गणपतीत आईने उघडली तेव्हा रेशमाच्या उभ्या चिंध्या झाल्या होत्या आणि आतल्या कागदावर बुरशी. नंतर समजलं की दोष निव्वळ पावसाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेशीम जड आणि भरघोस वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवत. ते क्षार आतून धागा खातात आणि ओल-उष्णतेत त्याला वेग येतो. त्यामुळे अशा रेशमावर इस्त्री नको, ओला बोळा नको, ब्रशही नको. सोनेरी पट्टी सोन्याची नसते, पितळी वर्खाची असते. तिला पाणी लागलं की हिरवट-काळी पडते. धूळ झटकायची ती रंगकामाच्या मऊ कोरड्या कुंचल्याने, तीही फक्त कागदावरची.

ठेवायचं कसं? धुऊन धुऊन मऊ झालेल्या बिनरंगी सुती मलमलीत सैल गुंडाळा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्यात ठेवा. जूनपासून दर पंधरा दिवसांनी पुड्या बदला किंवा वाळवून घ्या. भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, पावसाळ्यात भिंत पाणी ओढते. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नका. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघणं हाच खरा उपाय. डबी हस्तिदंतासारखी दिसते पण हलकी आहे आणि कापराचा वास येतो, असं असेल तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची असू शकते. ती बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवा. जुनं सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, आणि कुजू लागलं की त्याची वाफ शेजारच्या वस्तू खराब करते.

आणखी एक, बहिणीला आवर्जून सांगा. कासवाच्या पाठीची किंवा खऱ्या हस्तिदंताची डबी कितीही स्वस्त मिळाली तरी भारतात आणायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय साइट्स करार दोन्ही आड येतात, आणि ‘जुनी आहे’ एवढ्यावर विमानतळावर सुटका होत नाही. पुठ्ठा, पत्रा, काच, चिनी माती यांत आयुष्यभर पुरेल एवढं जमवण्यासारखं आहे.

सुरुवात करायची असेल तर पत्र्याच्या डब्यांपासून करा. स्वस्त असतात आणि आपल्या हवेतही तग धरतात, गंज तेवढा सांभाळायचा. बहीण पुन्हा पॅरिसला गेली तर सँ-तुआँच्या मोठ्या बाजारापेक्षा शनिवार-रविवारी सकाळी व्हाँव्हला पाठवा. पोर्सेलीन मांडलेल्या टेबलांकडे न बघता टेबलाखालच्या खोक्यांत हात घालायला सांगा, बटणांच्या डब्या तिथे असतात.

तुमच्या डबीचा फोटो फक्त वरून आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही. कबुतरं आणि मुलगी हे चित्र त्या काळी फार चालायचं, त्यावरून साल ठरत नाही. झाकणाच्या आतल्या सोनेरी अक्षरांचा आणि तळाचा फोटो टाका. रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक नीट वाचता आला पाहिजे. आणि आतली कागदी जाळी शाबूत असेल तर तिच्या खाली, तळाच्या पुठ्ठ्यापर्यंत, एकदा अलगद बघा. बोटाने नको, पोस्टकार्डाच्या कडेने जाळी उचला. माझ्या दोन डब्यांत तिथे छोट्या घडीची चिठ्ठी निघाली होती.